घरात काही पडलं की ती म्हणते, ‘मी नाही!’

पत्र

ताई, नमस्कार.

मला दोन मुलं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार. लग्नाच्या आधीपासून मी एक गोष्ट पक्की ठरवली होती. माझे वडील आमच्याशी जसे वागले, तसं मी माझ्या मुलांशी वागणार नाही. ते घरात पाऊल टाकायचे आणि आम्ही भावंडं चिडीचूप व्हायचो.

दीड महिन्यापूर्वी मुलीच्या हातून माझ्या लॅपटॉपवर पाणी सांडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक काम पाठवायचं होतं, त्यामुळे आधीच डोकं तापलेलं. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. बायको म्हणाली, ‘आत्ता तुझ्या तोंडून अगदी तुझे बाबा बोलत होते.’

ही पहिली वेळ नाही. हात उचलायची तिसरी-चौथी असेल, ओरडण्याची तर मोजदादच नाही. नंतर मला स्वतःची इतकी लाज वाटते की दोन-दोन दिवस तिच्या नजरेला नजर देववत नाही. बाप व्हायची आपली लायकीच नव्हती, असं वाटत राहतं. मी गप्प गप्प असतो. मग काहीतरी आणून देतो, नको तितके लाड करतो, मागेल तेवढा वेळ मोबाईल देतो. आणि एक दिवस पुन्हा भडका उडतो.

हल्ली घरात कुठेही काही पडल्याचा आवाज झाला की ती दुसऱ्या खोलीतून ओरडते, ‘मी नाही!’ परवा गणित चुकलं तर स्वतःच्या डोक्यात टपली मारून म्हणाली, ‘गाढव आहे मी.’ हे शब्द माझे. तिला उद्देशून मी ते कधी वापरले नाहीत, पण माझं काही चुकलं की मी स्वतःला हेच म्हणतो.

एक मित्र म्हणतो, ‘स्वतःला माफ कर आणि विषय सोड.’ मला ती पळवाट वाटते. आणि नऊ वर्षांच्या पोरीची माफी मागायची तर बापाचा धाक तो काय राहणार, असंही मनात येतं. मी काय करू?

— एक बाप


उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा धपाटा लक्षात राहिला, दुसऱ्यांदा तुमच्या बायकोचं वाक्य. तिसऱ्यांदा वाचताना एका ओळीशी अडले ती अडलेच: ‘दोन-दोन दिवस तिच्या नजरेला नजर देववत नाही.’ आपल्याला किती वाईट वाटतं हे कळावं म्हणून तुम्ही ती लिहिली असणार. पण या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती त्या ओळीची.

जरा तिच्या बाजूनं बघा. बाबा ओरडले, पाठीत धपाटा बसला. ते पाच मिनिटांत संपलं. त्यानंतर दोन दिवस बाबा बोलत नाहीत. शाळेतलं काही सांगायला गेलं तर नुसतं ‘हं’ म्हणतात आणि दुसरीकडे बघतात. तुमच्या आत लाजेचा डोंब उसळलाय, हे त्या पोरीला कळणार कुठून? तिला दिसतं ते एवढंच, की बाबांचा राग अजून गेलेला नाही. तुमच्या लेखी शिक्षा पाच मिनिटांत आटोपली. तिच्या लेखी ती दोन दिवस चालू असते.

माणसाचा चेहरा बंद झाला की मुलाचं काय होतं, यावर एक गाजलेला प्रयोग आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७८ साली प्रसिद्ध केला. आई आपल्या काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग सांगितल्याप्रमाणे ती दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा करून बसते. ओरडत नाही, उठून जात नाही, समोरच असते, पण प्रतिसाद देत नाही. बाळ आधी हसून बघतं, आवाज काढतं, हात पुढे करतं. काहीच होत नाही असं दिसलं की कावरंबावरं होतं आणि शेवटी तोंड फिरवून गळून बसतं. हे दोन-तीन मिनिटांत. तुमची मुलगी बाळ नाही, तिला बऱ्याच गोष्टी कळतात. पण दोन दिवस हा काळही मोठा आहे.

याच ट्रॉनिकना पुढे आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. चांगल्या, प्रेमळ आयांचंसुद्धा बाळाशी सूर जुळणं सतत चालू नसतं. एकूण वेळाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शात दोघं एकमेकांच्या तालात असतात. बाकीच्या वेळी आईला बाळाचं म्हणणं कळत नाही, बाळाला नको असतं तेव्हा ती खेळायला जाते, त्याला हवी असते तेव्हा तिचं लक्ष नसतं. सूर सुटतो, मग पुन्हा जुळतो. हे पुन्हा जुळणं बाळ शेकडो वेळा अनुभवतं आणि त्यातूनच त्याचा विश्वास बसतो, की बिनसलं तरी माणूस परत येतं. तुमच्या घरात बिनसतं तेव्हा परत यायला दोन दिवस लागतात, आणि तेही तुम्ही हातात खेळणं घेऊन येता. दुरुस्ती करायची आहे ती इथे.

मी हे पुस्तकातून शिकले नाही. माझा मुलगा आता तिशीत आहे. तो दुसरीत असताना अक्षर घाणेरडं काढलं म्हणून मी त्याच्या वहीचं पान टरकन फाडलं होतं. रात्री त्यानं ते चिकटपट्टीनं जोडलं आणि सकाळी माझ्यापुढे आणून धरलं. ‘आता चालेल?’ म्हणाला. चिकटपट्टी तिरकी लागली होती, एका ओळीची अक्षरं दुसरीवर चढली होती. त्या पानानं मला वीस वर्षं छळलं. शेवटी एकदा धीर करून त्याच्याकडे विषय काढला, तर त्याला पान आठवेचना! थोडा वेळ विचार करून म्हणाला, ‘पण तू बोलायची नाहीस ना, ते आठवतं. मी दारात उभा राहून वाट बघायचो, तू कधी वळून बघतेस याची.’ आपण त्याच्याशी अबोला धरायचो, हे मला त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत ठाऊक नव्हतं. मी गप्प असायचे ती स्वतःवर चिडून. त्याच्यापर्यंत पोचली होती फक्त माझी पाठ.

म्हणून सांगते, तुमचा अपराधीपणा तुमचा एकट्याचा नाही. त्याची झळ तिला लागते.

आता तुमच्या मित्राच्या सल्ल्याकडे येते. ‘माफ कर आणि विषय सोड’ हा सल्ला मलाही पसंत नाही, कारण त्यात ‘विषय सोड’ आहे. पण पळवाटेबद्दल माझं मत तुमच्या उलट आहे. दोन दिवस स्वतःला बोल लावत बसलं की आतून कुठेतरी हिशेब चुकता झाल्यासारखं वाटतं. आपण भोगलं, फिटलं. मग मुलीशी बोलायचं तसंच राहून जातं, कारण बोलणं हे भोगण्यापेक्षा अवघड आहे. तिच्यासमोर बसायचं, ‘मी मारलं’ हा शब्द तोंडानं उच्चारायचा, ती काय म्हणेल ते ऐकायचं. दोन दिवस तोंड पाडून बसलं की हे सगळं टळतं. मला पळवाट दिसते ती तिथे.

जून टँगनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अपराधाची भावना आणि लाज या दोन्हींचा वर्षानुवर्षं वेगवेगळा अभ्यास केला आहे. ‘मी वाईट वागलो’ असं वाटणारा माणूस बहुधा कबुली देतो, भरपाई करायला धावतो. ‘मी वाईटच आहे’ असं वाटणारा तोंड लपवतो, आणि पुष्कळदा पुन्हा चिडतोसुद्धा, कारण आतली ती आग कुठे ना कुठे बाहेर पडतेच. तुम्ही लिहिलंत, ‘बाप व्हायची आपली लायकीच नव्हती.’ हे दुसऱ्या जातीचं वाक्य आहे. नालायक माणसाकडून सुधारणा कोण मागतो? ते एकदा म्हटलं की पुढचं काही करायची गरज उरत नाही.

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २०१० साली विद्यार्थ्यांवर झालेला एक साधासा अभ्यास मला नेहमी आठवतो. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात ज्यांनी चालढकल केली होती, त्यांच्यापैकी ज्यांनी त्याबद्दल स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. स्वतःला धारेवर धरलं की आपण सुधारू, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय. घडताना दिसतं ते वेगळं. ज्या गोष्टीकडे बघितलं की अंगावर काटा येतो, तिच्याकडे माणूस पुन्हा बघत नाही. आणि बघितल्याशिवाय ती बदलायची कशी?

तेव्हा मी ज्याला स्वतःला माफ करणं म्हणते ते असं. घडलं ते जसंच्या तसं कबूल करायचं, आधी स्वतःशी, मग तिच्याशी. जे भरून देता येईल ते भरून द्यायचं. पुढच्या वेळी काय वेगळं करणार ते ठरवायचं. आणि एवढं झाल्यावर स्वतःला झोडपणं बंद करायचं, कारण त्या मारानं कुणाचंच भलं होत नाही. हा शेवटचा भाग आधी उरकून बाकीचे गाळले तर तुमच्या मित्राचा सल्ला होतो. आधीचे गाळून नुसतं झोडपत राहिलात तर तुमचे दोन दिवस होतात.

कबूल करताना कमी करू नका. पाठीत घातलेला धपाटा हा धपाटाच होता, ‘एक चापट’ नव्हती. मारानं मूल सुधारतं ही समजूत अजून अनेक घरांत आहे. पण २०१६ साली एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी आधीच्या ७५ अभ्यासांतली, दीड लाखाहून जास्त मुलांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा साध्या चापटीचासुद्धा फायदा कुठे दिसला नाही. दिसला तो आक्रमकपणा, मनाचे त्रास, आणि आईबापाशी बिघडलेलं नातं यांच्याशी असलेला संबंध. स्वीडननं मुलांना मारणं १९७९ सालीच कायद्यानं बंद केलं, घरातही. तेव्हा मारायचं नाही, यावर तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत.

पण कबूल करताना वाढवूही नका. ‘मी तिचं बालपण नासवलं’ हेही खरं नाही. नऊ वर्षांची मुलगी तुमच्या घरात, तुमच्यासमोर, मोठ्यानं ‘मी नाही!’ म्हणते. घाबरते, पण बोलते. पूर्णपणे मिटलेलं मूल असं ओरडत नाही. दार अजून उघडं आहे.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ सालापासून स्वतःवरच्या करुणेवर जे काम केलं, त्यात त्या तीन गोष्टी सांगतात. चुकल्यावर स्वतःशी माणुसकीनं बोलणं, ही चूक आपल्या एकट्याच्या कपाळी लिहिलेली नाही हे जाणणं, आणि घडलेलं ना झाकून ना फुगवून, आहे तेवढंच बघणं. तुमच्याकडे मधली गोष्ट अजिबात नाही असं मला पत्रावरून वाटलं. जगात आपणच एकटे असे बाप, अशा सुरात तुम्ही लिहिता. या सदराकडे येणारी पत्रं तुम्हाला वाचायला दिली असती तर बरं झालं असतं. ओरडून झाल्यावर न्हाणीघरात नळ सोडून रडणाऱ्या आया, मूल झोपल्यावर त्याच्या पायाशी तासभर बसून राहणारे बाप. तुम्ही फार मोठ्या घोळक्यात उभे आहात.

तर आता माफीबद्दल. दीड महिना उलटला म्हणून उशीर झाला असं समजू नका. मुलांना आठवतं. दोघंच असाल अशी वेळ बघा, बाकीच्यांसमोर नको. फार गंभीर बैठक मांडू नका, नाहीतर तिला वाटेल आणखी एक कोर्ट बसलं. खाली तिच्या उंचीला बसा. मी तुमच्या जागी असते तर एवढंच म्हटलं असतं: ‘त्या दिवशी लॅपटॉपवर पाणी सांडलं तेव्हा मी ओरडलो आणि तुला मारलं. पाणी सांडणं हा अपघात होता. मारणं माझी चूक होती. नंतर मी दोन दिवस बोललो नाही, तेव्हा तुला वाटलं असेल की मी तुझ्यावर चिडलोय. मी तुझ्यावर चिडलो नव्हतो, मला माझी लाज वाटत होती. पुन्हा राग आला तर मी आधी खोलीबाहेर जाईन.’

त्या अबोल्याबद्दलचं वाक्य गाळू नका. बहुधा तिला सगळ्यात जास्त तेच ऐकायचं असेल.

यात काही गोष्टी येता कामा नयेत. ‘पण’ येऊ नये. ‘चुकलं माझं, पण तूही जरा बघून चालायचं ना’ असं म्हटलं की ती माफी राहत नाही, पुन्हा रागावणं होतं. तिच्यापुढे रडत बसू नका. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, पण बापाची समजूत काढायचं काम तिच्या गळ्यात पडू नये. ‘केलंस ना मला माफ?’ असं विचारू नका. ते तिनं द्यायचं तेव्हा देईल, कदाचित देणारही नाही, आणि तो तिचा हक्क आहे. आणि हातात काही घेऊन जाऊ नका. खेळणं नको, मोबाईल नको.

लाडांबद्दल एवढंच बोलते. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याच्या तऱ्हा मांडल्या. धाकात ठेवणारे, मोकाट सोडणारे, आणि माया व शिस्त दोन्ही देणारे. तुम्ही एकाच आठवड्यात पहिल्या दोन्ही तऱ्हा करता. सोमवारी पाणी सांडलं म्हणून मार आणि गुरुवारी तीन तास मोबाईल. मुलीला नियम कळतच नाही, कळतो तो तुमचा मूड. मग ती दिवसभर तुमच्या चेहऱ्याचा अंदाज घेत राहते, आणि लहान मुलाला ते फार दमवणारं काम असतं. माफी मागितल्याच्या दुसऱ्या दिवशी ती मोबाईलसाठी हट्ट करेल, तेव्हा ठरलेल्या वेळेनंतर ‘आता बास’ म्हणा. मनातून चरचरेल. तरी म्हणा.

धाकाचं उत्तर यातच आलं. बापाचं ऐकलं जावं म्हणून भीती लागते असं तुम्हाला शिकवलं गेलंय. आता आठवून बघा, तुमच्या आयुष्यात तुम्ही ज्यांचं मनापासून ऐकलंत ती माणसं कोण होती? शाळेतले एखादे सर असतील, कुणी आत्या, मामा असेल. चुकले तर ‘चुकलं’ म्हणणारी, आणि जे सांगतील ते पाळणारी माणसं असणार ती. माफी मागितल्यानं तुमचा शब्द हलका होणार नाही. हलका होतो तो सोमवारचा नियम गुरुवारी गायब झाल्यानं.

तुमच्या वडिलांबद्दल लिहायला मला थोडा संकोच होतो, कारण तुम्ही त्यांच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्या आहेत. पण पत्रभर ते आहेत. बायकोचं ते वाक्य तुम्हाला एवढं का लागलं ते मला समजतं. तेव्हा आधी हे ऐका. मार खाल्लेलं मूल मोठेपणी मारणारच, असा काही नियम नाही. येल विद्यापीठातल्या जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी १९८७ साली तोवरचे अभ्यास तपासून अंदाज मांडला, की लहानपणी छळ सोसलेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोक पालक झाल्यावर तेच करतात. म्हणजे बहुतेक जण करत नाहीत. आणि मानसशास्त्रज्ञ मेरी मेन यांनी १९८० च्या दशकात पालकांना त्यांच्याच बालपणाबद्दल तपशिलात बोलतं केलं, तेव्हा एक लक्षणीय गोष्ट पुढे आली. बालपण किती वाईट गेलं यापेक्षा, त्याबद्दल आज ते सलगपणे, न झाकता, न भरकटता बोलू शकतात का, यावर त्यांचं मुलांशी नातं कसं असेल याचा जास्त अंदाज बांधता येतो.

‘मी त्यांच्यासारखा होणार नाही’ ही शपथ तुम्ही घेतलीत, पण ती गोष्ट कधी कुणाला नीट सांगितलीत का? वडील घरात येताना दाराचा आवाज कसा व्हायचा, तुम्ही कुठे बसायचात, पोटात काय व्हायचं, मारून झाल्यावर ते काय करायचे. तेही गप्प बसायचे का? बायकोला सांगा, भावंडांशी बोला, नाहीतर वहीत लिहून काढा. शपथेत फक्त काय करायचं नाही ते असतं. काय करायचं, हे तुम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं. चाळिशीत येऊन तुम्ही ते पहिल्यांदा शिकताय, आणि शिकताना हात चुकतो. हे म्हणताना मी तुमची बाजू सावरत नाहीये. तुम्ही मूर्ख आहात म्हणून हे अवघड जातंय असं नाही, एवढंच तुम्हाला कळावं.

बायकोला एक विनंती करा. ते वाक्य खरं होतं, पण भडका उडाला असताना त्यानं तेलच पडतं. त्याऐवजी दोघांत एखादा शब्द ठरवा. तिनं तो उच्चारला की तुम्ही काही न बोलता खोलीबाहेर जायचं.

आणि बाहेर जाताना मुलीला सांगून जा: ‘मला राग आलाय, मी दहा मिनिटांत परत येतो.’ ही दहा मिनिटं लहानशी वाटतील, पण अबोला आणि थोडं थांबणं यांत फरक आहे तो एवढाच. परत कधी येणार ते तिला ठाऊक असतं. आणि दहाव्या मिनिटाला या. राग पुरता गेला नसला तरी या, सांगा की अजून दहा लागतील. भडका उडायची तुमची वेळ कुठली तेही शोधा. बहुतेकांची ठरलेली असते. कामाची मुदत डोक्यावर असताना, झोप अपुरी असताना, बाहेरून आल्या आल्या पहिल्या अर्ध्या तासात. लॅपटॉपच्या दिवशीचं तुम्हीच लिहिलंय, ‘आधीच डोकं तापलेलं.’ पाणी नंतर सांडलं. अशा दिवशी मुलांना आल्या आल्या सांगायला हरकत नाही: ‘आज मी दमलोय, चिडचिड होतेय, ती तुमच्यामुळे नाही.’ चार वर्षांच्या मुलालासुद्धा हे कळतं.

हात उचलणं थांबत नसेल, मुलाला इजा होईल इतका राग येत असेल, किंवा रात्ररात्र झोप लागत नसेल तर मात्र समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पुढच्या प्रसंगाची वाट बघू नका. माझं उत्तर तिथे पुरं पडणार नाही.

आता त्या ‘गाढव’ शब्दाकडे येते. मला वाटतं तुमच्या पत्रातला सगळ्यात दुखरा भाग तोच आहे आणि सगळ्यात आशेचाही. तिला तुम्ही कधी गाढव म्हटलं नाहीत. ती ते तुम्ही स्वतःशी बोलता त्यातून शिकली. किल्ली विसरली, ‘गाढव आहे मी.’ फोन हातातून निसटला, ‘अक्कल नाही मला.’ आपण मुलांशी कसं बोलतो याकडे आपलं थोडंफार लक्ष असतं, स्वतःशी कसं बोलतो याकडे नसतं. आणि मूल दोन्ही ऐकतं. चुकल्यावर माणसानं स्वतःचं काय करायचं असतं, हे ती तुमच्याकडे बघून शिकतेय. तुम्ही स्वतःला फटके मारून शिकवाल, तर ती स्वतःच्या डोक्यात टपली मारेल. म्हणून स्वतःशी नरमाईनं वागणं हा तुमचा खासगी मामला राहिलेला नाही.

उद्यापासून किल्ली विसरलात तर मोठ्यानं म्हणा, ‘अरे, विसरलो. परत जाऊन आणतो.’ तिला ऐकू जाईल असं म्हणा. पहिल्यांदा नाटकी वाटेल, जीभ अडखळेल. मलाही महिनाभर अडखळत होती.

आणि घरात काही पडलं, फुटलं, सांडलं, तर तुमच्या तोंडून निघणारा पहिला शब्द ठरवून ठेवा. ‘कुणी केलं?’ हा नको. ‘लागलं का?’ हा असू दे. खोलीत मांजर शिरून भांडं पडलं असेल तरी ‘लागलं का?’ विचारा. मग फडकं आणा, तिच्या हातातही एक द्या, आणि दोघं मिळून पुसा. सांडलेलं तिनं पुसायला हवंच, त्यात ढिलाई नको. पुसताना दुसरं काहीतरी बोला.

माफी मागून झाल्यावर ती काय करेल ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुमचा विरस होणार नाही. तुम्ही रात्रभर वाक्यं जुळवून आलेले असाल आणि ती म्हणेल, ‘बरं. मी खेळायला जाऊ?’ जाऊ द्या तिला. कदाचित काही आठवड्यांनी ती अचानक उद्धटपणा करेल, उलट उत्तर देईल, मुद्दाम काहीतरी पाडेलसुद्धा. तुम्ही खरंच बदललात की नाही, हे बघायचा मुलांकडे एवढाच मार्ग असतो. त्या दिवशी कदाचित तुम्ही पुन्हा ओरडाल. ओरडलात तर दोन दिवस थांबू नका, त्याच संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसा.

सहा महिन्यांनी मला पुन्हा लिहा. फार लांबलचक नको. घरात काही पडलं की ती आता काय म्हणते, तेवढं कळवा.

— तुमची ताई